खांद्यावरचा हात

चर्चच्या दारातच नेसानं ते कार्ड मॅलकीच्या हातात ठेवलं. अशी कार्डं खासदार मॅलकी लेडनला बारा महिने मिळायची. मेलेल्या माणसाचा फोटो, जन्माची नि मरणाची तारीख, पाठीमागे चार ओळींची प्रार्थना. मरणानंतर महिन्यानं चर्चमध्ये होणाऱ्या मिस्सेला, त्या प्रार्थनेला, घरचे लोक दारात उभे राहून ती वाटतात. आपण घ्यायचं, फोटोकडे बघितल्यासारखं करून मान हलवायची, 'फार वाईट झालं हो' म्हणायचं आणि कोटाच्या आतल्या खिशात सरकवायचं. खिसा फुगला की बायको रिकामा करते. त्यात बघायचं काय असतं? पण आज त्यानं खरंच बघितलं. ब्रीडा कॉटर हसत होती. केस वाऱ्यानं विस्कटलेले, एक डोळा मिटत आलेला, दात उघडे. आणि तिच्या डाव्या खांद्यावर पाठीमागून आलेली चार बोटं होती. बोटांचा धनी कुठंच नव्हता. त्याला कापून काढला होता. उजव्या अंगाला काळ्या कोटाची एक चिंधी तेवढी राहिली होती, आणि ही बोटं. जाड, गुलाबी, नखं नीट कापलेली, करंगळीत सोन्याची चपटी अंगठी. मॅलकीनं कार्ड धरलेल्या आपल्या हाताकडे बघितलं. तीच अंगठी, तीच नखं.

"छान आलाय फोटो," तो म्हणाला. काहीतरी म्हणायला हवं होतं.

"आईचा हसतानाचा हा एवढाच निघाला," नेसा म्हणाली. "बाकी सगळ्यांत ती फोटो काढणाऱ्यावर खेकसतेय." आणि तिनं त्याच्या मागच्या माणसाला कार्ड द्यायला हात पुढे केला.

तो आत गेला. पहिली दोन बाकं घरच्यांची, तिसरं खासदाराचं. तसा काही नियम नाही, पण बाप खासदार होता तेव्हापासून या शहरातल्या कुठल्याही चर्चमध्ये तिसऱ्या बाकाची कड लेडनांसाठी मोकळी सोडतात. मॅलकी बसला. बाहेर दिवसभर भुरभुर लागली होती. ओल्या लोकरी कोटांचा वास, मेणाचा वास, फरशीच्या पॉलिशचा वास, आणि त्या सगळ्यांच्या तळाशी कुणाच्या तरी खिशातल्या खोकल्याच्या गोळ्यांचा. या वासात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. माणसं म्हणायची, मॅलकीसारखा मयताला येणारा माणूस नाही. पाऊस असो, बर्फ असो, डब्लिनमध्ये आकाश कोसळो, मॅलकी येणार. कौतुकानं म्हणायची. त्याला आजवर त्यात कौतुकच दिसलं होतं. आता कार्ड खिशात होतं आणि छातीपाशी ती चार बोटं त्याला टोचत असल्यासारखी वाटत होती. नुसता पुठ्ठा! पण त्यानं ते बाहेर काढलं, पुन्हा बघितलं, पुन्हा ठेवलं. शेजारच्या म्हातारीला वाटलं, केवढं दुःख झालंय बिचाऱ्याला. तिनं त्याच्या गुडघ्यावर थोपटलं.

फोटोचा दिवस त्याला चांगला आठवत होता. हॉस्पिटलच्या फाटकासमोर काढला होता तो. सरकार रात्रीची इमर्जन्सी बंद करणार अशी कुणकुण लागली आणि ब्रीडा कॉटर, जिनं जन्मात चर्चच्या केकच्या स्टॉलपलीकडे कशाचं पुढारपण केलं नव्हतं, एक घडीची खुर्ची आणि चहाचा थर्मास घेऊन फाटकाशी येऊन बसली. 'रात्रीही माणसं आजारी पडतात' असा बोर्ड तिनं नवऱ्याकडून रंगवून घेतला होता. आठवड्याभरात शंभर माणसं जमायला लागली. मग अर्थातच खासदारही आला. मॅलकी तिच्या स्वयंपाकघरात बसला, तिनं भाजलेला सोडा ब्रेड त्यानं लोणी लावून खाल्ला, आणि म्हणाला, माझ्यावर सोडा. "सोडते," ब्रीडा म्हणाली, "पण तुझ्यावर सोडलेल्या गोष्टी परत कुणाला दिसत नाहीत म्हणतात, मॅलकी." तोही हसला होता. दुसऱ्या दिवशी फाटकापाशी फोटोवाला म्हणाला, जरा जवळ या दोघं. मॅलकीनं तिच्या पाठीमागून हात टाकला, आणि तेवढ्यात ती म्हणाली, "हात जपून रे बाबा, माझा नवरा बघतोय," आणि डिनी, तिचा नवरा, समोर छत्री सावरत उभा होता तो म्हणाला, "राहू दे, राहू दे, मला तेवढाच आराम," आणि ती फिसकन् हसली. हे ते हसू. या हातामुळेच आलेलं. त्या आठवणीत एरवी काही वाईट नव्हतं, आणि तेच त्याला आता सोसवेना.

हाताचं सगळं शिक्षण बापाचं. उजवा हात त्याच्या हातात द्यायचा आणि डाव्यानं त्याचं कोपर धरायचं, बाप सांगायचा. कोपर धरलं की माणूस पळत नाही आणि आपणही पळतोय असं त्याला वाटत नाही. खांद्यावर हात फक्त फोटोपुरता. बाईमाणसाच्या डोळ्यांत बघ, बाप्याच्या कपाळाकडे बघ. मेलेल्याचं नाव एकदा तरी घे, पण आधी दारावर वाचून घे. दहा-बारा वर्षांचा मॅलकी बापाबरोबर मयतांना जायचा आणि रांगेतून पुढे सरकताना ते ओलसर, गार, खरखरीत, थरथरते पंजे त्याच्याही पंजात येऊन जायचे. घरी आल्यावर बाप कोट न काढता आधी स्वयंपाकघरातल्या सिंकपाशी जायचा. बाह्या सारून लाल कार्बॉलिकच्या साबणानं कोपरापर्यंत हात घासायचा, नखांत ब्रश घालायचा, पुन्हा घासायचा. आई टॉवेल धरून उभी. एकदा मॅलकीनं विचारलं, "बाबा, घाण लागते का?" बाप म्हणाला, "माणसं लागतात." आणि त्याच हातांनी त्यानं ब्रेडची लादी उचलून पोराला कापून दिली. ही अंगठी बापाच्या बोटातली. मेल्यावर साबण लावून काढावी लागली.

वेदीवरून फादर ब्रीडाचं नाव घेत होते. त्यांच्या तोंडी ती 'प्रेमळ माता' झाली होती, 'शांत स्वभावाची' झाली होती. शांत! पुढच्या बाकावर डिनीचे खांदे जरासे हलले, हसला असावा. मॅलकीला त्या खांद्यांच्या पलीकडे काही दिसत नव्हतं. गेला महिनाभर त्याला एकाच गोष्टीचा घोर लागला होता, आणि ती गोष्ट ब्रीडाच्या मरणाची नव्हती, हे त्याचं त्याला पक्कं ठाऊक होतं. ब्रीडा आपल्यावर विश्वास ठेवून गेली ना? एवढंच. तेवढं एक खात्रीनं कळलं असतं तर बाकी सगळं त्यानं खिशात घातलं असतं.

कारण ती मतदानाची रात्र. विरोधकांनी ठराव आणला होता, हॉस्पिटलची रात्रीची इमर्जन्सी चालू ठेवा. मॅलकी सरकारी बाजूचा. ठरावाच्या बाजूनं हात गेला तर पक्षातून हकालपट्टी, विरुद्ध गेला तर शहरात तोंड दाखवायला जागा नाही. डब्लिनच्या सभागृहात अशा अडचणीवर एक जुना, सभ्य तोडगा आहे. सरकारच्या माणसाला काही रास्त कारणानं जायचं असलं की समोरच्या बाजूचाही एक माणूस मतदानाला बसत नाही, जोडी लावतात. वजनं दोन्हीकडून सारखी काढली की काटा हलत नाही. कारण रास्त हवं: बाळंतपण, आजारपण, मतदारसंघातलं मयत. आणि त्याच आठवड्यात ब्रीडाची बहीण पेग वारली. पक्षाचा प्रतोद, ज्याच्या तोंडाला कायम पुदिन्याचा वास यायचा, मॅलकीला जिन्यात गाठून म्हणाला, "त्या बाईच्याच सख्ख्या बहिणीचं? अरे, देव पाठीशी आहे तुझ्या. जा, जा, जोडी मी लावतो." आणि मॅलकी गेला. पूल ओलांडून शहरात शिरताना गाडीच्या रेडिओवर त्यानं निकाल ऐकला. ठराव थोडक्यात पडला होता. समोरच्या बाजूचा जो माणूस त्याच्या जोडीला घरी बसला होता तो ठरावाच्या बाजूचा होता. म्हणजे मॅलकीनं हात वर केला नाही हे खरं, पण हॉस्पिटलच्या बाजूचा एक हात त्यानं खाली ओढला, हेही खरं. हे लोकांना सांगत बसायचं नसतं. लोकांना एवढंच कळतं की मतदानाच्या रात्री मॅलकी सगळं सोडून ब्रीडाच्या बहिणीच्या अंत्यदर्शनाला आला. तो रांगेतून पुढे सरकला, उजवा हात दिला, डाव्यानं कोपर धरलं. ब्रीडानं वर बघितलं. रडून डोळे सुजले होते. "तू इथं आलास?" ती म्हणाली. "येणारच," तो म्हणाला. त्या तीन शब्दांत तिनं काय विचारलं होतं, हे तो महिनोन्‌महिने चघळत आला होता.

मग शरद संपता संपता एका पहाटे ब्रीडाच्या छातीत कळ आली. ॲम्ब्युलन्स आली, चांगली वेळेवर आली, आणि आपल्याच हॉस्पिटलच्या फाटकावरून पुढे गेली. आतले दिवे चालू होते म्हणे, पण रात्रीच्या इमर्जन्सीचं दार तोवर बंद झालं होतं. तिथून मोठं हॉस्पिटल तासाभराच्या रस्त्यावर. अर्ध्या वाटेत, फर्निचरच्या एका शोरूमसमोर, ती संपली. नेसा गाडीत तिच्याजवळ होती. मॅलकीला त्याच्या ऑफिसातल्या इटाचा फोन आला तेव्हा तो दाढी करत होता. आरशात अर्ध्या फेसाच्या तोंडाकडे बघत त्यानं ते ऐकलं आणि पहिला विचार आला तो हा: मरायच्या आधी ती कुणाला काही बोलली का? पहिला विचार! दुःख नंतर आलं, आलं नाही असं नाही, पण ते दाराशी थांबून, टोपी काढून, परवानगी मागून आल्यासारखं आलं. स्वतःच्या त्या पहिल्या विचाराची त्याला शिसारी आली होती. तोंड धुतल्यावर तीही गेली.

आणि आता गाडीच्या डिकीत गठ्ठे होते. वर्षातून तीनदा निघणारं त्याचं पत्रक, 'तुमचा मॅलकी, तुमच्या कामाला'. आत नेहमीचंच: अलीकडच्या अधिवेशनात मी कशाकशाला मत दिलं, पेन्शन वाढवली, शाळेच्या बसचं भाडं उतरवलं, मग शहरातली कामं, कब्रस्तानात पाण्याचा नळ, नदीकाठच्या रस्त्याला कठडा, फुटबॉल क्लबाला कपडे बदलायच्या खोल्या. पहिल्या पानावर तो फोटो. पूर्ण. ब्रीडा हसतेय, शेजारी मॅलकी हसतोय, हात खांद्यावर. खाली 'पहिल्या दिवसापासून बरोबर. ब्रीडा कॉटरच्या स्मरणार्थ.' मजकूर त्याचा स्वतःचा. इटानं प्रूफ टेबलावर आपटलं होतं. इटा त्याच्या बापाच्या वेळेपासूनची. ती कुणाला भीत नाही.

"बाई मेलीय, मॅलकी."

"म्हणूनच. श्रद्धांजली आहे ती."

"श्रद्धांजली मागच्या पानावर देतात. पहिल्या पानावर देतात तिला जाहिरात म्हणतात."

"निवडणूक वसंतात आहे, इटा."

"हो ना. बरी वेळेवर मेली बिचारी."

यावर तो चिडला होता, दार आपटून गेला होता, आणि पत्रक मात्र छापायला गेलं होतं. उद्या सकाळपासून पोरं दारोदार टाकणार होती. इटा त्यानंतर चार दिवस त्याच्याशी फक्त फोनवरच्या निरोपांपुरतं बोलली.

"एकमेकांना शांती द्या," फादर म्हणाले, आणि चर्चभर पंजे पुढे आले. शेजारच्या म्हातारीचा हलका, कागदासारखा. मागच्या माणसानं नुकताच मुठीत खोकून तीच मूठ उघडून पुढे केली. मॅलकीनं ती घेतली, वर डाव्या हातानं कोपरही धरलं, आणि तळव्याला लागलेला ओलावा त्याला खांद्यापर्यंत चढल्यासारखा वाटला. पुढून डिनी वळला. म्हाताऱ्याचे डोळे निळे, पाणावलेले, कशाचाच संशय नसलेले. की असलेले? "शांती असो, पोरा," डिनी म्हणाला. नेसानं वळून बघितलं, त्याच्या हाताकडे बघितलं, आणि मान लववून पुन्हा पुढे तोंड केलं. कम्युनियनच्या, म्हणजे प्रसादाच्या, रांगेत तो उभा राहिला. उजव्या तळव्यावर डावा ठेवायचा, लहानपणी शिकवलेलं, डाव्यावर देवाला घ्यायचं. फादरनी पांढरी चकती त्याच्या डाव्या तळव्यावर ठेवली. तो क्षणभर बघतच राहिला. मागची रांग खोळंबली. मग त्यानं ती तोंडात टाकली. ती टाळूला चिकटली आणि मिस्सा संपेपर्यंत सुटली नाही.

हॉलमध्ये चहा होता. मोठी किटली, जाड कप, हॅमची सँडविचं, अंड्याची सँडविचं, आणि ब्रीडाच्या स्टॉलवाल्या मैत्रिणींनी केलेले केक. मॅलकीला जेवायला नको होतं. पण मयताच्या घरचं नको म्हणायचं नसतं. कुणीतरी बशी हातात दिली, आणि अंड्यातलं गार मेयोनीज त्याच्या बोटांवर ओघळलं. माणसं सरकत सरकत आली, नेहमीसारखी, दुखवट्याच्या दोन वाक्यांच्या आडून.

"बिचारी ब्रीडा. बरं मॅलकी, आमच्या गल्लीतला तो दिवा..."

"माझ्यावर सोडा."

"किती चांगली बाई हो. आमच्या आईच्या खुब्याच्या ऑपरेशनची तारीख अजून..."

"माझ्यावर सोडा."

"मरणाला काय, सगळ्यांनाच यायचंय. पोराच्या नोकरीचं मी मागं बोललो होतो..."

"माझ्यावर सोडा हो, माझ्यावर सोडा."

प्रत्येकाच्या हातात ते कार्ड होतं. कुणी कपाखाली ठेवलं होतं, कुणी त्यानं वारा घेत होतं, एकीनं त्यावर केकचा तुकडा ठेवला होता. जिथं बघावं तिथं ती चार बोटं. एकाही माणसानं ओळखलं नव्हतं. कसं ओळखणार? हात हातासारखा; धनी दिसल्याशिवाय कुणाचा ते कळत नाही. मॅलकीनं डावा हात खिशात घातला, मग बशी धरता येईना म्हणून काढला. त्याला या सगळ्यांचा वीट आला, या केकचा, या खुब्यांचा, या दिव्यांचा. आणि त्याहून जास्त त्या आवाजाचा, जो त्याच्या घशातून न विचारता निघत होता आणि ज्यात अजूनही ऊब होती. खोटी असती तर बरं झालं असतं. ती तर चांगली अस्सल होती. त्याला माणसं आवडायची! घरी जाऊन हात घासेपर्यंत मनापासून आवडायची.

"मॅलकी," डिनीनं कपावर चमचा वाजवला, "आता सगळे जमलेच आहेत, तर सांग की काय चाललंय डब्लिनात. ब्रीडा असती तर तिनं तुला असा सोडला नसता."

हसू पिकलं. मॅलकी उभा राहिला. नको म्हणता आलं असतं. पण उभं राहिल्यावर त्याचे पाय आपोआप योग्य अंतरावर पडले, कप खाली गेला, आणि आवाज सुरू झाला. पेन्शन सांगितली. बसचं भाडं सांगितलं. कठड्याचं काम उन्हाळ्यात सुरू होईल. कब्रस्तानातला नळ, "ब्रीडानंच माझा कान धरून करून घेतला तो." पुन्हा हसू, जरा ओलं. "आणि हॉस्पिटलच्या बाबतीत," आवाज खाली आला, जिथं यायला हवा तिथं, "मी पहिल्या दिवसापासून तिच्याबरोबर उभा होतो, हे इथं मी वेगळं सांगायला नको."

"आणि मतदानाच्या रात्री कुठं उभा होतास?" मागून कुणीतरी म्हणालं. टोपी घातलेला एक बस ड्रायव्हर होता. जागच्या जागी सगळे कप थांबले. मॅलकीनं तोंड उघडलं. त्याला काय बोलायचं ते पाठ होतं. पण त्याआधीच डिनी खुर्चीचा आधार घेत उठला.

"मी सांगतो कुठं उभा होता," डिनी म्हणाला. "माझ्या मेव्हणीच्या शवपेटीपाशी उभा होता. माझ्या समोर. ब्रीडाचा हात धरून. डब्लिनहून गाडी मारत आला होता माणूस. कुणाला काही म्हणायचंय?"

ड्रायव्हरनं टोपी काढली, पुन्हा घातली. दोन-चार म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, मग हॉलभर वाजल्या. मॅलकी खाली बसला. सुटलो, असं त्याला वाटलं. सगळं अंग सैल पडलं, आणि ते सैल पडणं इतकं सुखाचं होतं की त्याची त्यालाच लाज वाटली. ज्या माणसाची बायको रस्त्यात मेली त्यानंच आपल्याला धुऊन पुसून कोरडं करून दिलं. यापुढे निवडणुकीत कुणी हा प्रश्न विचारणार नाही. आणि डिनीला हे वाटतं म्हणजे ब्रीडालाही तेच वाटत असणार. एका घरात, एका पलंगावर निजणारी माणसं ती. वाटत असणारच.

माणसं पांगायला लागली तेव्हा तो डिनीजवळ गेला. आभार मानायला. नेसा शेजारच्या टेबलावरचे कप एकात एक घालत होती.

"डिनी, तू जे बोललास..."

"अरे, खरं तेच बोललो. आलास ना तू? आलास. मी तिलाही तेच सांगायचो." डिनीनं नाक पुसलं. "ती मात्र त्या रात्री घरी आल्यावर कोट न काढता बसून राहिली खुर्चीत. म्हणाली, 'आज त्यानं इथं यायला नको होतं, डिनी.' मी म्हटलं, 'अगं, एवढ्या लांबून आला तो.' म्हणाली, 'तेच तर म्हणतेय मी.' आणि मग पुन्हा कधी तुझं नाव काढलं नाही तिनं. तुला माहीतच आहे तिचा स्वभाव. एकदा बोलली की बोलली."

मॅलकीनं मान हलवली. ती हलवायची त्याला सवय होती. हॉलच्या खिडकीवर पाणी ओघळत होतं. नेसानं कप ठेवले आणि बापाकडे बघून म्हणाली, "बाबा, त्यांना ते विचारायचं होतं ना तुम्हाला."

"हां." डिनी वाकला आणि टेबलाखालून बुटांचा एक खोका ओढून काढला. खोका कार्डांनी भरलेला होता. "बरीच उरली. छापणारा म्हणाला, जास्त काढली तर स्वस्त पडतील. मी आपलं काढली. तो म्हणत होता, हा हात पुसून देतो, कॉम्प्युटरवर होतं म्हणे. मी म्हटलं राहू दे. कुणाचा तरी हात आहे तिच्या पाठीवर, असू दे तसाच. तर मी काय म्हणतो, तुझी पोरं उद्यापासून पत्रकं टाकताहेत ना दारोदार? तुझ्या त्या इटानं सांगितलं. मग प्रत्येकात एक एक घालून टाकलं तर? फाटकापाशी आलेली सगळी माणसं थोडीच मिस्सेला येतात. त्यांच्या घरात ती जाईल."

पत्रक आणि कार्ड, दारावरच्या एकाच पत्रपेटीत, एकावर एक. वर पूर्ण फोटो, आत कापलेला. शहरातलं प्रत्येक माणूस दाराशी उभं राहून, एक उजव्या हातात नि एक डाव्या हातात धरून बघणार. धनी दिसणार, आणि घरच्यांनी त्याला कापून काढलेलंही. मॅलकीनं डिनीच्या डोळ्यांत बघितलं, निळे, पाणावलेले. तिथं काय होतं ते त्याला कळेना. आयुष्यभर माणसांच्या डोळ्यांत बघायचं काम केलेला माणूस तो, आणि त्याला कळेना. नेसाच्या डोळ्यांत बघायची गरज नव्हती. तिचे डोळे तो न बघताही वाचू शकत होता. नाही म्हण, त्यानं स्वतःला सांगितलं. काहीही कारण सांग, वजन वाढतं म्हण, पोरं विसरतात म्हण. पत्रकं जाळ आणि मग हो म्हण. काहीही कर. आवाज आपली जागा शोधत वर आला, तोच ऊबदार, बापाचा आवाज.

"माझ्यावर सोड, डिनी," तो म्हणाला.

उजव्या हातानं त्यानं खोका घेऊन काखेत मारला. आणि डावा हात, कुणी न सांगता, उठला आणि डिनीच्या पाठीमागून जाऊन त्याच्या खांद्यावर पडला. चार बोटं, करंगळीत अंगठी. डिनीनं मान वाकडी करून तिकडे बघितलं. नेसाही बघत होती. तो हात काढावा असं मॅलकीला फार वाटलं. हात तिथंच राहिला.